घरातील घातक वस्तू : आणण्यापासून टाकण्यापर्यंत

संडास घासायचे ॲसिड, फरशी पुसायचे फिनाईल, कपड्यांचे ब्लीच, तुंबलेल्या मोरीत ओतायची कॉस्टिकची पुडी, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, झुरळांचा फवारा, उंदरांचे औषध, रंगकामातून उरलेले टर्पेंटाइन, इन्व्हर्टरची बॅटरी, रिमोटचे सेल, जुनी ट्यूबलाइट, मुदत संपलेल्या गोळ्या, इन्सुलिनच्या सुया. शहरातल्या साध्या दोन खोल्यांच्या घरातही यांतल्या बऱ्याच वस्तू सापडतात. खेड्यातल्या घरात रॉकेलचा कॅन, धान्याला लावायचे औषध, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर आणि फवारणीच्या औषधांचे डबे यांची भर पडते. प्रत्येक वस्तू कामाची म्हणूनच आणलेली असते. काम झाल्यावर तिचे जे उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र ती विकत घेताना कोणी विचारत नाही आणि टाकताना विचारायला सहसा उशीर झालेला असतो.

अशा वस्तूंचे शास्त्रीय वर्गीकरण चार गुणांवर केले जाते. पेट्रोल, रॉकेल, थिनर, सॅनिटायझर, दाबाखाली भरलेले फवारे या ज्वलनशील वस्तू. आम्ले, कॉस्टिक सोडा, बॅटरीतले पाणी या त्वचा, डोळे आणि अन्ननलिका जाळणाऱ्या संक्षारक वस्तू. कीटकनाशके, उंदीरनाशके, पारा, शिसे आणि जास्त मात्रेत घेतलेली बहुतेक औषधे विषारी. दुसऱ्या पदार्थाशी किंवा नुसत्या ओलाव्याशी गाठ पडली की वायू वा उष्णता बाहेर टाकणाऱ्या वस्तू अभिक्रियाशील. एकच वस्तू दोन-तीन वर्गांत बसू शकते. ब्लीच संक्षारक आहे आणि अभिक्रियाशीलही. मोबाइलची लिथियम बॅटरी पेटते आणि पेटल्यावर विषारी धूर सोडते. घरातल्या सुया, ब्लेड, फुटलेली काच यांचा धोका रासायनिक नसला, तरी टाकताना घ्यायची काळजी तीच असल्याने त्यांचाही विचार याच विषयात होतो.

धोका कसा घडतो

रसायनाच्या नावावरून धोका पुरता कळत नाही. त्याची तीव्रता, ते ज्या भांड्यात आहे ते भांडे आणि ते ज्या जागेत वापरले जाते ती जागा, या तिन्हींचा त्यात वाटा असतो. नामांकित संडास-क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्लाचे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या आसपास असते आणि बाटलीवर तसे छापलेले असते. हातगाडीवर जुन्या बाटल्यांत भरून विकले जाणारे सुटे ॲसिड किती तीव्र आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले ते ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात. त्या निर्बंधांची घरगुती सुरक्षेच्या अंगाने जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

न्हाणीघरातला एक नेहमीचा प्रसंग पाहण्याजोगा आहे. भांड्यावरचा पिवळा डाग काढण्यासाठी आधी ॲसिड ओतले जाते. डाग हटत नाही, म्हणून थोड्या वेळाने त्यावरच ब्लीच. ब्लीचमधील सोडियम हायपोक्लोराइट आणि आम्ल एकत्र येताच क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि घासणारी व्यक्ती नेमकी वाकलेली असते. दार लोटलेले, खिडकी म्हणजे वरच्या बाजूला काचेच्या चार पट्ट्या. डोळे झोंबतात, घसा आवळतो, खोकल्याची उबळ येते. अशा वेळी काम पुरे करण्याचा मोह टाळून ताबडतोब बाहेर पडणे, दार उघडे टाकणे आणि मोकळ्या हवेत बसणे हेच पहिले उपचार. वायू जास्त गेला असेल तर फुफ्फुसांत पाणी होण्याचा त्रास काही तासांनीही उद्भवतो, त्यामुळे दम लागत असेल तर तात्पुरते बरे वाटले तरी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. ब्लीच आणि अमोनियायुक्त काचेचे क्लीनर यांच्या मिश्रणातूनही क्लोरामाइन हा तसाच त्रासदायक वायू निघतो. दोन वेगवेगळी क्लीनर एका वेळी वापरायची नाहीत, हा नियम एवढ्यासाठीच आहे.

भांड्याचा प्रश्न रॉकेलच्या बाबतीत सर्वांत ठळकपणे दिसतो. रॉकेल, थिनर किंवा पेट्रोल पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय घरोघरी होती आणि अजून पुरती गेलेली नाही. तहानलेले मूल बाटली ओळखते, आतला पदार्थ ओळखत नाही. रॉकेल पातळ आणि सहज पसरणारे असल्याने त्याचा खरा घाला पोटावर कमी आणि फुफ्फुसांवर जास्त असतो. गिळताना ठसका लागून थोडे जरी श्वासनलिकेत उतरले, तरी रासायनिक न्यूमोनिया होतो. म्हणूनच मीठ-पाणी पाजून उलटी करवण्याचा जुना उपाय इथे उलटतो. वर येणारे रॉकेल पुन्हा श्वासनलिकेशी येते आणि आणखी आत जाते. ॲसिड किंवा कॉस्टिक पोटात गेले असेल तर उलटीने अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते.

जागेचा भाग धान्यातल्या गोळ्यांमुळे कळतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून फॉस्फीन हा अत्यंत विषारी वायू सोडतात. त्या गोदामातल्या धान्यासाठी, प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीखाली वापरायच्या आहेत आणि त्यांच्या विक्रीवर निर्बंध आहेत. तरीही ढेकणांसाठी त्या फ्लॅटमध्ये ठेवल्या जातात, आणि फटींतून, डक्टमधून शेजारच्या घरात झिरपलेल्या वायूने झोपेतली माणसे दगावल्याच्या घटना देशात वारंवार घडल्या आहेत. ज्यांनी गोळी कधी पाहिलीही नाही अशांचा यात बळी जातो.

अभ्यासाची वाटचाल

या विषयाच्या अभ्यासाचा उगम बालरोगतज्ज्ञांच्या चिंतेत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या घरांत क्लीनर, कीटकनाशके आणि औषधे यांची गर्दी झाली, आणि रुग्णालयांत विषबाधा झालेली लहान मुले येऊ लागली. कोणत्या डब्यात नेमके काय आहे हे डॉक्टरांना सांगता यावे, म्हणून १९५३ मध्ये शिकागो इथे पहिले विषबाधा-नियंत्रण केंद्र सुरू झाले. १९७० मध्ये तिथे मुलांना सहज न उघडणारी झाकणे सक्तीची करणारा कायदा झाला. दाबून फिरवायचे झाकण जगभर पोहोचले ते त्यानंतर. भारतात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राष्ट्रीय विषमाहिती केंद्र १९९५ मध्ये उभे राहिले.

भारतीय कायद्याची सुरुवात अर्थात त्याच्या कितीतरी आधीची. विषविक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९१९ चा आहे. पण आजच्या घराला लागू पडणारा पहिला मोठा टप्पा १९५८ मध्ये केरळात घडलेल्या दुर्घटनेतून आला. पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलेले अन्न खाऊन तिथे शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. त्याची परिणती १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात आणि १९७१ च्या नियमांत झाली. डब्यावरचा रंगीत त्रिकोण याच नियमांनी दिला. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, पिवळा तीव्र, निळा मध्यम, हिरवा सौम्य. हिरवा त्रिकोण सुरक्षिततेची ग्वाही देत नाही. खाद्यपदार्थांवरच्या हिरव्या खुणेची सवय झालेल्या ग्राहकाचा इथे हमखास गैरसमज होतो.

दुसरा प्रवाह पर्यावरणाच्या चिंतेतून आला. जपानमधील मिनामाता इथे १९५६ मध्ये पाऱ्याच्या विषबाधेचा आजार नोंदला गेला. रेचल कार्सन यांच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२ च्या पुस्तकाने कीटकनाशके फवारल्यानंतर कुठे जातात हा प्रश्न सामान्य वाचकापर्यंत नेला. भारताला जाग आली ती १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम ही तिची फळे. मात्र हे नियम कारखान्यांसाठी होते. अमेरिकेतही १९७६ च्या कायद्याने घातक कचऱ्यावर तो निर्माण झाल्यापासून संपेपर्यंत नजर ठेवण्याची पद्धत आणली, पण घरगुती कचरा तिच्या नियमांतून वगळला. त्यामुळे दोन्हीकडे एक विसंगती राहिली. कारखान्याच्या आवारात जो थिनर घातक कचरा ठरतो, तोच घराच्या कचरापेटीत पडला की साधा कचरा होतो. या विसंगतीवर उपाय म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या गावांनी ठरावीक दिवशी घरगुती रसायने गोळा करण्याची प्रथा सुरू केली.

तिसरा प्रवाह नगरपालिकांच्या कचऱ्याचा. अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेतून देशाला २००० साली नागरी घनकचऱ्याचे पहिले नियम मिळाले. बॅटऱ्यांचे नियम २००१ चे आणि ई-कचऱ्याचे २०११ चे. ‘घरगुती घातक कचरा’ ही संज्ञा २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत व्याख्येसह आली. रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज यांचा त्या व्याख्येत उल्लेख आहे. दर २० चौरस किलोमीटरला किमान एक जमा केंद्र स्थानिक संस्थेने उभारावे, असेही त्या नियमांनी सांगितले. त्यांची जागा घेणाऱ्या २०२६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार प्रवाह वेगळे करण्याचे बंधन घातले. घातक वस्तू यांतल्या चौथ्या प्रवाहात येतात.

विचारांच्या शाखा

आज या क्षेत्रात पाच विचारधारा एकाच वेळी काम करतात. वैद्यकीय शाखेचे लक्ष घराच्या आत असते: वस्तू मुलांच्या हाती लागू नये, लागलीच तर तातडीने काय करावे, लेबल वाचता यावे. कचरा व्यवस्थापनाची शाखा घराच्या उंबरठ्यापासून सुरू होते. वेगळे करणे, वेगळे उचलणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे हे तिचे काम.

तिसरी शाखा उत्पादकाच्या जबाबदारीची. स्वीडनचे थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये मांडलेल्या या कल्पनेनुसार, वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या अखेरच्या विल्हेवाटीचा खर्च आणि व्यवस्था सांभाळायची. भारताचे २०२२ चे बॅटरी-कचरा नियम आणि ई-कचरा नियम याच पायावर उभे आहेत. बॅटरीवर छापलेली, फुली मारलेल्या चाकांच्या कचराकुंडीची खूण ग्राहकाला सांगते की ही वस्तू साध्या कचऱ्यात टाकायची नाही. चौथी शाखा मुळावर घाव घालू पाहते. घातक घटकच वापरू नका, असे तिचे म्हणणे. १९९८ मध्ये पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली, तेव्हा या विचाराला शास्त्रीय चौकट मिळाली. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांवर आणणारा आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झालेला भारतीय नियम हे या दिशेचे चांगले उदाहरण. अर्थात त्याआधी रंगवलेल्या भिंती आणि खिडक्या अजून उभ्या आहेत. त्या कोरड्या घासल्या की शिशाची धूळ उडते.

पाचवी शाखा श्रमिकांच्या अंगाने पाहते, आणि तिच्या घडणीत पुण्याचा वाटा मोठा आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरावेचकांच्या कामाला श्रम म्हणून मान्यता मिळवून देण्याचा लढा दिला. तिच्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने सॅनिटरी कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली. उघड्या हातांनी पिशवी चाचपणाऱ्या बाईला आत काय आहे ते आधी कळावे, एवढा साधा तिचा हेतू. सुई, काच किंवा ॲसिडची बाटली यांनाही तोच न्याय लागू होतो. वैद्यकीय शाखा मुलाकडे पाहते, पर्यावरणाचा विचार नदीकडे. कचऱ्याची पिशवी हाताने उघडणाऱ्या माणसाकडे पाहायला लावले ते या शाखेने.

या शाखांचे सगळ्याच बाबतींत जमते असे नाही. औषधांचे उदाहरण बोलके आहे. उरलेली औषधे संडासात टाकू नयेत, कारण सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत ती पूर्ण निघत नाहीत, असे कचरा व्यवस्थापनाची शाखा सांगते. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मात्र फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडोल यांसारखी १७ औषधे वापर संपताच संडासात वाहून द्यावीत असे म्हटले. ही औषधे दुसऱ्याच्या हाती पडली तर एका मात्रेनेही जीव जाऊ शकतो, तेव्हा इथे तातडीचा धोका मोठा मानला गेला. उरलेल्या शेकडो औषधांसाठी परत घेण्याची केंद्रे हाच योग्य मार्ग आहे.

पर्यायांच्या बाबतीतही असाच गोंधळ दिसतो. लिंबू, व्हिनेगर आणि खायचा सोडा यांनी बरीच सफाई होते. पण रुग्णाच्या खोलीतल्या निर्जंतुकीकरणाला ते पुरत नाहीत. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असेही नाही. देवघरातला कापूर लहान मुलाने खाल्ला तर झटके येऊ शकतात. नॅप्थलीनच्या डांबरगोळ्यांमुळे, जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. पेटीतले कपडे बाळाला घालण्याआधी धुऊन उन्हात वाळवण्याच्या जुन्या रीतीला इथे वैद्यकाचा आधार मिळतो.

आज हा विषय का

घरातल्या घातक वस्तूंचे स्वरूप गेल्या वीस वर्षांत बदलले. रॉकेल मागे पडले आणि लिथियम बॅटरी आली. फोन, पॉवर बँक, इअरफोन, खेळणी, स्कूटर या सगळ्यांत ती आहे. फुगलेली बॅटरी टोचली, दाबली किंवा तापवली तर पेट घेते, आणि सुक्या कचऱ्यात गेली तर कचरा दाबणाऱ्या गाडीत नेमके हेच घडते. नाण्याएवढा बटण-सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर त्यातून वाहणाऱ्या विजेमुळे तिथे अल्कली तयार होऊन दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते.

दुसरा बदल दिव्यांचा. एलईडीच्या प्रसारानंतर सीएफएल आणि ट्यूब घरांतून बाहेर पडत आहेत. पाऱ्यावरील मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, २०१७ मध्ये अमलात आला, आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. या कराराच्या बैठकांत सीएफएलचे उत्पादन २०२५ पर्यंत आणि लांब ट्यूबचे २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. म्हणजे पाऱ्याचे दिवे मोठ्या संख्येने कचऱ्यात येण्याचा काळ हाच आहे. एका दिव्यात पारा काही मिलिग्रॅम असतो; गावातले सगळे दिवे एकाच डेपोत फुटतात तेव्हा प्रश्न मोठा होतो.

तिसरा बदल घरातल्या उपचारांचा. मधुमेह आणि वाढते आयुर्मान यांमुळे पूर्वी दवाखान्यात राहणाऱ्या सुया, लॅन्सेट आणि औषधे आता घरात असतात. दवाखान्याच्या कचऱ्याला १९९८ पासून स्वतंत्र नियम आहेत. घरातल्या सुईला मात्र अनेक ठिकाणी अजून कचऱ्याच्या पिशवीचीच वाट उरते. झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत सुया साठवून, बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून, वर ‘सुया’ असे लिहून ती वेगळी द्यायची. या पद्धतीला खर्च जवळजवळ येत नाही.

व्यवस्थेची स्थिती संमिश्र आहे. महाराष्ट्रात तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामायिक केंद्रे आहेत. ती उभारली गेली उद्योगांसाठी. घरातला डबा तिथपर्यंत नेणारी मधली कडी बहुतेक गावांत नाही. इंदूरने घरोघरचा कचरा सहा प्रकारांत घ्यायला सुरुवात करून ही कडी जोडता येते हे दाखवले. मुंबई महापालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी आणि विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी नोंदणी करून स्वतंत्र संकलन सुरू केले. जिथे अशी सोय नाही तिथे सगळे मिश्र ढिगाऱ्यात जाते, आणि असा ढिगारा पेटला की काय होते हे २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या धुराने मुंबईला दाखवले. खेड्यात उकिरड्यावर किंवा बांधावर जाळण्याची पद्धत आहे. कीटकनाशकाचा डबा जाळला तर विष धुरातून घरात परत येते, आणि तोच डबा धुऊन पाण्यासाठी वापरला तर थेट पोटात जाते. डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओतायचे आणि डब्याला भोके पाडून तो निकामी करायचा, ही कृषी विभागाची जुनी सूचना आहे. दाबाखालच्या फवाऱ्याच्या कॅनला मात्र भोक कधीच पाडायचे नसते. सूचना वस्तूगणिक बदलतात, म्हणून सरसकट एकच नियम सांगून भागत नाही.

या पुस्तकाचा प्रयत्न

वापरातली सुरक्षा आरोग्याच्या पुस्तकांत येते आणि विल्हेवाट पर्यावरणाच्या. घरात हे दोन भाग वेगळे नसतात. संडासात ॲसिड ओतणारा हात तोच असतो आणि रिकामी बाटली पिशवीत टाकणाराही तोच. प्रस्तुत पुस्तकाने म्हणून प्रत्येक वस्तूचा मागोवा दुकानापासून अखेरच्या ठिकाणापर्यंत घेतला आहे. घ्यायची की नाही, किती घ्यायची, कुठे ठेवायची, कशी वापरायची, सांडली तर काय करायचे, उरली तर कोणाला द्यायची आणि संपल्यावर कुठे पाठवायची, हे प्रश्न त्याच क्रमाने विचारले आहेत. या क्रमात पहिल्या दोन प्रश्नांचे वजन सर्वांत जास्त आहे. एक खोली रंगवायला चार लिटर रंग लागत असताना दहा लिटरचा डबा आणला, तर उरलेल्या सहा लिटरांचा प्रश्न दुकानातच तयार झालेला असतो.

विवेचनाची पातळी पाऱ्याच्या थर्मामीटरच्या उदाहरणावरून लक्षात येईल. थर्मामीटर फुटल्यावर मुलांना आणि प्राण्यांना खोलीबाहेर काढायचे, पंखा बंद करायचा आणि खिडक्या उघडायच्या. झाडू मारायचा नाही, कारण थेंब आणखी बारीक होऊन पसरतात. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही; त्याच्या उष्ण हवेतून पाऱ्याची वाफ खोलीभर होते. हातातली सोन्याची अंगठी आणि बांगड्या काढून ठेवायच्या, कारण पारा सोन्यात मुरतो. हातमोजे घालून, जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकमेकांकडे ढकलून मोठा थेंब करायचा आणि तो काचेच्या बाटलीत घ्यायचा. टॉर्च जमिनीलगत तिरपी धरली की राहिलेले कण चमकतात. ते चिकटपट्टीने टिपायचे. कागद, पट्टी आणि हातमोजे बाटलीसह एका पिशवीत बंद करून त्यावर ‘पारा’ लिहायचे आणि ती जमा केंद्रावर द्यायची. मोरीत किंवा संडासात काही टाकायचे नाही. प्रत्येक कृतीमागचे कारण सोबत दिले आहे, कारण कारण ठाऊक असले की पुस्तकात नसलेल्या वस्तूच्या बाबतीतही माणूस बहुधा बरोबर वागतो.

हे पुस्तक घर चालवणाऱ्यांसाठी आहे, तसेच गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी, शाळांतले शिक्षक, आशा कार्यकर्त्या, घरकाम करणाऱ्या बायका आणि नगरपालिकांचे आरोग्य निरीक्षक यांच्यासाठीही. घरकाम करणाऱ्या बाईने ब्लीच वापरावे, पण त्याचे लेबल मालकिणीनेच वाचलेले असावे, अशी स्थिती बहुतेक घरांत असते. लेबलवरचा मजकूर पुष्कळदा इंग्रजीत आणि मुंगीच्या आकाराचा. म्हणून खुणांची ओळख करून देण्याला इथे बरीच जागा दिली आहे: रंगीत त्रिकोण, फुली मारलेली कुंडी, तसेच संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या पद्धतीनुसार लाल कडेच्या, टोकावर उभ्या चौकोनातली चित्रे. एकाच घराला न सुटणारा भाग संस्थेच्या पातळीवर सुटू शकतो. आवारात कुलूपबंद पेटी ठेवणे, दिवाळीच्या सफाईत माळ्यावरून निघालेले डबे आणि सेल एकत्र जमवणे, तिमाहीतून एकदा अधिकृत संकलकाला बोलावणे ही कामे चार घरांनी मिळून केली तर सोपी होतात. महापालिकेकडे जमा केंद्राची मागणी करताना नियमांचा आधार कसा घ्यावा, याचेही विवेचन आहे.

काही मर्यादा सांगितल्या पाहिजेत. शेतीतली फवारणी, कारखान्यांतली रसायने आणि फटाके हे स्वतंत्र विषय आहेत. घराच्या संदर्भात जेवढे आवश्यक तेवढेच ते इथे आले आहेत. स्वयंपाकाच्या गॅसचा विचार साठवण आणि गळती एवढ्यापुरता केला आहे. नियम बदलत असतात आणि गावोगावची सोय वेगळी असते, तेव्हा स्थानिक संस्थेची ताजी सूचना पुस्तकातल्या मजकुराहून वरचढ मानावी. विषबाधेच्या प्रसंगी प्रथमोपचाराची माहिती रुग्णालयात पोहोचेपर्यंतच्या मिनिटांसाठी आहे. त्या वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलावावी आणि ज्यातून पदार्थ पोटात गेला तो डबा किंवा बाटली लेबलसह डॉक्टरांकडे न्यावी. उपचार कोणता करायचा हे पुष्कळदा त्या लेबलावरूनच ठरते.